उभा पाय

भूगाव,
१४ जुलै २०२४

मामा, जय भीम.

पत्र बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी प्या. मी धडधाकट आहे. इथं कुस्ती केंद्रात फोन फक्त रविवारी मिळतो, तोही ऑफिसातला, दहा मिनिटं. मागं रांगेत सतरा मुली कान टवकारून उभ्या असतात. आईशी 'जेवलीस का, जेवले' एवढंच होतं. जे विचारायचंय ते तिथं विचारता येत नाही. स्वयंपाकाच्या साळूबाई पिरंगुटवरून येतात, त्या जाताना पत्र पेटीत टाकतील. तुम्ही उत्तर लिहिलंत तर पाकीट नीट चिकटवा.

विचारायचंय ते असं. सृष्टी मॅडम आम्हाला दोन डावांचा एक डाव शिकवतायत. आधी एकेरी पट काढायचा, म्हणजे खाली घुसून समोरचीचा एक पाय उचलून छातीशी घ्यायचा. ती उरलेल्या पायावर लंगडत उभी राहते. मग त्या उभ्या पायाला मागून टांग मारून तिला पाडायचं. दोन्ही एका दमात. मधे श्वास घेतला की गेलं.

पट मला येतो. तो तुमचाच आहे, गावच्या तालमीत लाल माती खाऊन शिकलेला. पण पाय छातीशी आला की मी थांबते. माझं डोकं तिच्या बरगड्यांखाली असतं, मान दाबलेली असते, आणि वाटतं की आता टांग मारायला माझाही एक पाय उचलला तर दोघींचं वजन माझ्या मानेवर येणार. मामा, मला भीती वाटते. तेवढ्यात शिरीन उड्या मारत पाय सोडवून घेते आणि हसते. शिरीन माझी जोडीदार, पौडची. तीही त्रेपन्न किलोत आहे. निवड चाचणीला या वजनात केंद्रातून एकच मुलगी जाणार. मॅडम काल सगळ्यांसमोर म्हणाल्या, अर्धा डाव करणारी मुलगी मला नको.

तुम्ही तरुणपणी पट काढून माणूस कसा पाडायचात? आजी सांगायची की जयवंतने धरलेला पाय कधी सुटला नाही. ते नीट लिहून पाठवा. आईला यातलं काही सांगू नका, ती उद्याच घ्यायला येईल.

तुमची
वृषाली

---

२१ जुलै २०२४

वृषाली, जय भीम.

गेल्या दहा वर्षांत मी पोस्टमनला पाणी विचारलं नव्हतं, काल चहा पाजला. पत्र तीन वेळा वाचलं. कंपनीत डब्याच्या सुट्टीत वाल्मीकला दाखवलं. तो म्हणाला, अक्षर मामापेक्षा बरं आहे.

आता ऐक. तुझी मान अडकते कारण तू टांग मारायची घाई करतेस. टांग नंतर. आधी फिरव. पाय छातीशी घट्ट धर, हनुवटी तिच्या मांडीवर दाब, आणि अख्ख्या अंगाने तिला तिच्या उभ्या पायाभोवती फिरव. दाव्याला बांधलेला बैल खुंट्याभोवती फिरतो, तसं. अर्धं वळण झालं की तोल गेलेलाच असतो. मग टांग नुसती लावायची, मारायची गरजच पडत नाही. या एका डावावर मी तालुक्यातल्या यात्रांत चौदा कुस्त्या केल्या आणि चौदाही चितपट. अंगापेक्षा दीडपट पैलवान पाडलेत.

एक गोष्ट मनात पक्की ठेव. फिरवायला सुरुवात केली की थांबायचं नाही. अर्ध्यात सोडलंस तर सगळं वजन तुझ्याच मानेवर येईल, तुला जी भीती वाटते तेच होईल. ती ओरडली तरी थांबू नकोस. आखाड्यात सगळेच ओरडतात.

भीती वाटते हे मला लिहिलंस ते बरं केलंस. मॅडमना सांगू नकोस. वस्तादाला भीती दिसली की तो दुसऱ्या पोराकडे बघायला लागतो, हे मी भोगलंय.

तुझ्या आईने परवा विचारलं, पोरगी काय म्हणते. मी सांगितलं, जेवते.

तुझा मामा
जयवंत

---

२ ऑगस्ट २०२४

मामा, जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. इथं सगळं ठीक आहे.

काल सकाळच्या सरावात शिरीनचा गुडघा दुखावला. तिला दवाखान्यात नेलं, तिथून तिचे वडील घरी घेऊन गेले. लिगामेंट तुटलंय म्हणतात. कुणाची चूक नाही. सरावात असं होतं, मॅडमही तसंच म्हणाल्या.

एक विचारायचं होतं. तुम्ही मातीत कुस्ती करायचात तेव्हा पायात बूट असायचे का? यात्रेत किंवा कुठं बाहेर गेल्यावर? आठवून सांगा.

वृषाली

---

११ ऑगस्ट २०२४

वृषाली, जय भीम.

एवढंसं पत्र? मला वाटलं पाकिटात दुसरं पान राहिलं, म्हणून उलटं करून झटकलं.

शिरीनचं वाचून वाईट वाटलं. पण लागणं-मोडणं कुस्तीत असतंच, त्यात तू मन घालू नकोस. आता त्या वजनात तूच आहेस, हे मी मुद्दाम लिहीत नाही, पण आहे ते आहे.

बुटाचं का विचारलंस ते कळलं. जुने फाटले असतील आणि सांगायला लाजत असशील. नंबर कळव, मी गुरुवारी सुट्टीला पुण्यात जाऊन आणतो. तळ चांगला जाड रबराचा घेऊ, मॅटला धरून राहील असा. आमच्या वेळी बूट घालून मातीत उतरलो असतो तर वस्तादांनी तिथूनच घरी हाकललं असतं. अनवाणी पाय, खाली वीतभर भुसभुशीत माती, तेल-ताक पाजलेली. त्या मातीत पाय कसा लोण्यात फिरल्यासारखा फिरायचा. म्हणून तर तो डाव इतका गोड होता, समोरच्याला कळायचंसुद्धा नाही.

तो जमला का ते लिहिलं नाहीस. जमलाच असणार. निवड चाचणीला तोच कर.

मामा

---

१८ ऑगस्ट २०२४

मामा,

बूट नकोत. बुटाचं नाव काढू नका.

तुमचं पत्र वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. मला आधीच कळलं होतं, पण आता ते तुमच्या अक्षरात वाचलं. मातीत पाय फिरतो. मॅटवर फिरत नाही.

काय झालं ते लिहिते. एक ऑगस्टला मॅडम पलीकडच्या मॅटवर होत्या. मी पट काढला. पाय छातीशी घेतला, हनुवटी दाबली, तुम्ही लिहिलं तसं सगळं. आणि फिरवलं. शिरीन फिरली, तिची मांडी फिरली, पण उभ्या पायाचा बूट फिरला नाही. तळाचं रबर मॅटला धरून राहिलं होतं. ती म्हणाली, "वृषे, थांब." मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं मी इथं सगळ्यांना सांगितलंय, पण मी ऐकलं. तुम्ही लिहिलं होतं की ओरडली तरी थांबू नकोस, आणि ती तर ओरडलीही नव्हती, नुसतं म्हणाली होती. मी उरलेलं वळण पूर्ण केलं. टांगसुद्धा मारली. मामा, टांगसुद्धा मारली मी.

जो आवाज आला तो मी लिहिणार नाही.

मॅडम धावत आल्या आणि विचारलं काय झालं. माझ्या तोंडातून निघालं, "तिचा पाय घसरला." आम्ही दोघी एकाच वजनात. मी खरं सांगितलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं की जागेसाठी मुद्दाम केलं. शिरीन मॅटवर पडून माझ्याकडे बघत होती. तिनं ते ऐकलं आणि काहीच बोलली नाही. तिनं एकदा तरी 'खोटं' म्हणायला हवं होतं. ती बोलली नाही म्हणून मला अजून जास्त भीती वाटते. परवा तिचं ऑपरेशन आहे.

आता माझं काय होतं ते सांगते. खाली घुसते, पाय धरते, आणि पाय छातीशी आला की बोटं आपोआप उघडतात. मी उघडत नाही, ती उघडतात. आधी मानेची भीती होती, ती बरी होती. ती माझ्या स्वतःसाठी होती. आता दुसऱ्याचा पाय हातात आला की वाटतं मी हा तोडणार. मॅडमना वाटतं मला शिरीनची आठवण येते. त्या पाठीवर हात ठेवतात, आणि मला वाटतं त्यांना हाताला कळेल.

तुमच्यावर रागवायचं होतं. दोन पानं लिहून फाडली. पण विचारलं मी आणि केलं मी. तुम्ही फक्त एक करा. आईला सांगू नका. आणि पौडला शिरीनच्या घरी अजिबात जाऊ नका. तुम्ही गेलात की सगळं बाहेर येईल.

वृषाली

---

१३ सप्टेंबर २०२४

वृषाली, जय भीम.

उत्तराला महिना लागला. तुला वाटलं असेल मामाने हात झटकले. तुझं पत्र डब्याच्या पिशवीत घेऊन फिरत होतो. कंपनीत मशीनवर उभा राहिलो की तेच आठवायचं. सुपरवायझरने दोनदा बाजूला घेऊन विचारलं, जयवंतराव, बरं नाही का. मी पन्नास वर्षांचा माणूस, पण खरं सांगतो, मी घाबरलो होतो. लोकाच्या लेकीचा पाय माझ्या अक्षराने मोडला. माझ्या हाताने मोडला असता तर एक वेळ समजलं असतं. मी तिथं नव्हतोच, घरात चहा पीत होतो.

तू जाऊ नको म्हणालीस. मी काल गेलो.

शिरीनच्या वडिलांचं, फकरुद्दीनभाईंचं, पौडच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे, वर घर. मी दोनदा दुकानावरून तसाच पुढं गेलो आणि पुलापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, काय पाहिजे. मी म्हणालो, मी वृषालीचा मामा. त्यांनी स्टूल दिलं, चहा सांगितला. चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, नाहीतर चहा पिऊन उठलो असतो. पत्र कुणी लिहिलं, काय लिहिलं, तू ऐकूनही का थांबली नाहीस, सगळं.

ते बराच वेळ ताटं एकावर एक रचत राहिले. मग म्हणाले, "तुमी पत्रात सांगितलं, पोरीनं केलं. हुतंय आसं. पन पाय घसरला म्हनून कोन म्हनलं?"

मी म्हणालो, तेही तिनंच, भीतीने.

"म्या दीड महिना शिरीनला बोलतुया," ते म्हणाले. "रोज. बघून पाय का न्हाई ठिवलास, ध्यान कुटं हुतं तुजं. ती गप ऐकून घेती. आता म्या तिला तोंड कसं दावू?"

वृषे, मला वाटलं होतं ते मला हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

वर गेलो. शिरीन खाटेवर बसली होती, पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा. तिची आई फहमिदाभाभी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत वळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पोरीला आता मॅटवर पाठवणार नाही. मी शिरीनलाही पत्रातलं सगळं सांगितलं आणि हात जोडले. ती संकोचली, म्हणाली, "मामा, हात नका जोडू. बूट घाला."

तिनं तिच्या थोरल्या भावाचे, शहनवाजचे बूट मला घालायला लावले. खाली जिमचा रबराचा तुकडा अंथरलेला होता, तिच्या व्यायामासाठी. त्यावर मला उभं केलं आणि शहनवाजला माझा एक पाय धरायला सांगितला. म्हणाली, आता हळू फिरव, मामांच्या पत्रात होतं तसं. त्याने चार बोटं फिरवलं असेल नसेल, माझ्या गुडघ्यातून कळ थेट कानापर्यंत गेली. मी ओरडलो. तो लगेच थांबला.

तेव्हा मला कळलं. चौदा कुस्त्या मी मातीच्या जिवावर मारल्या होत्या, आणि मला वाटत होतं माझ्या डोक्याने.

मग ती खाटेवरून सांगत गेली आणि शहनवाज माझ्यावर करत गेला. तुझ्यासाठी लिहून घेतलंय. माझं यात काही नाही. पाय धरला की फिरवायचं नाही. छाती लावून सरळ पुढं ढकलत चालायचं. समोरची तोल सांभाळायला एका पायावर मागं उड्या मारते. उडीत टाच वर असते, पायावर वजन नसतं. टांग तेवढ्यातच. टाच खाली टेकलेली असेल तर त्या पायाला हात नाही, पाय नाही, काही लावायचं नाही. ती म्हणाली, मॅडम पहिल्या दिवसापासून हेच सांगत होत्या, पण तुझं लक्ष स्वतःच्या मानेकडं. मला त्याने तीनदा आपटलं, रबरावर. अजून कंबर धरलीय.

निघताना मी विचारलं, वृषालीला काय सांगू. ती म्हणाली, "मॅडमना तिनं सोता सांगायचं. तुमी न्हाई, मी न्हाई. सांगितलं की मला लिही म्हनावं. त्याच्या आदी नको."

मी तुला लिहिलं होतं की भीती वाटते ते मॅडमना सांगू नकोस. ते माझं वाक्य खोडून टाक.

मामा

---

६ ऑक्टोबर २०२४

मामा, जय भीम.

सांगितलं. दोन आठवडे लागले. रोज ऑफिसच्या दारापर्यंत जायचे आणि पाण्याची बाटली भरून परत यायचे, इतकं पाणी आयुष्यात प्यायले नसेन. शेवटी सराव संपल्यावर सगळ्या मुली बसल्या होत्या तेव्हाच उभी राहिले, कारण मॅडमना एकटं गाठून सांगितलं असतं तर मी पुन्हा थोडं लपवलं असतं. 'ऐकू आलं होतं' हेही म्हणाले.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभी होते. त्यांनी विचारलं, "डाव कुणी सांगितला?" मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, मला का विचारलं नाहीस. मी म्हणाले, तुम्ही काढून टाकाल अशी भीती होती. त्यावर त्या म्हणाल्या की ही त्यांची चूक आहे. मला हे सगळ्यात अवघड गेलं.

निवड चाचणीतून माझं नाव काढलंय. त्रेपन्नमध्ये या वर्षी केंद्रातून कुणीच जाणार नाही. आणि मला काम दिलंय. महिनाभर मी कुणाचा पाय धरायचा नाही. बाकीच्या मुली हा डाव माझ्यावर करणार. मी एक पाय द्यायचा आणि दुसऱ्यावर उभं राहायचं. दिवसाला पन्नास वेळा.

मामा, एका पायावर उभं राहून दुसरा पाय लोकाच्या हातात देऊन बघा. तुम्ही पौडला बघितलंच आहे. पहिल्या दिवशी मी मोजत होते, विसाव्या वेळेनंतर मोजणं सुटलं, नुसती समोरचीच्या खांद्याकडं बघत राहिले, की ही कुठं वळते. एखादी जरा जरी बाजूला सरकली तरी मी 'थांब' म्हणते. दोन मुलींनी माझ्याशी कुस्ती धरायला नकार दिला. त्यांना मी समजू शकते.

शिरीनला पत्र टाकलंय. चार ओळींचं झालं. माफ कर असं लिहिलं नाही, ते मागायचा मला अधिकार वाटला नाही. झालं ते जसंच्या तसं लिहिलं आणि मॅडमना सांगितलं हे लिहिलं. तिचं काही आलं नाही. पोचलं का तेवढं बघाल?

आईला मी रविवारी फोनवर सांगितलं, रांगेतल्या सतरा मुलींसमोर. ती रडली, पण घ्यायला आली नाही.

वृषाली

---

१२ जानेवारी २०२५

वृषाली, जय भीम.

तुझं पत्र शिरीनला तेव्हाच पोचलं. तिनं वाचून उशीखाली ठेवलं, मग वडिलांना वाचायला दिलं. उत्तर का देत नाही ते मी विचारलं नाही. प्रत्येक पत्रात तू तेच विचारतेस आणि मी तेच लिहितो.

हल्ली गुरुवारी मी तिला आणि फहमिदाभाभींना भूगावला व्यायामाच्या दवाखान्यात नेतो, वाल्मीकची गाडी मागून. गुरुवार बाजाराचा, शहनवाजला दुकान सुटत नाही. भाभी आता माझ्याशी बोलतात, रस्त्यातले खड्डे आले की हळू घ्या म्हणतात. तुमच्या केंद्राच्या गेटवरून गाडी जाते. दर वेळी शिरीन तेवढ्यापुरती दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते. तिथं नुसती बिल्डरची पत्र्याची भिंत आहे.

डॉक्टर म्हणतात पाय छान भरतोय. मी डॉक्टरांचं ऐकतो आणि तिच्याकडं बघतो. जिना उतरताना ती कठड्याला हात लावते. गरज नसते, तरी लावते. पाय बरा होईल गं. तो जिना उतरायचा हात कधी सुटेल ते मला सांगता येत नाही. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिलं.

गेल्या गुरुवारी उतरताना तिनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. सोबत जोडली आहे. मी वाचलेली नाही. खरं म्हणजे वाचली.

मामा

(सोबतची चिठ्ठी)

वृषे, डॉक्टर म्हणतात जूनमध्ये मॅटवर जा. अब्बा हो म्हणालेत, अम्मी अजून नाही. आले तर पहिल्यांदा तुझ्याशीच धरणार, दुसऱ्या कुणाशी नाही. तोच डाव, तोच पाय. घाबरायचं असेल तर आतापासून घाबरून घे. मीही घेतेय. — शिरीन

---

२२ जून २०२५

मामा, जय भीम.

काल शिरीन आली.

तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही कळवलं नाहीत, हे मला फहमिदाचाचींनी सांगितलं. त्याही आल्या होत्या. मॅटच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. फकरुद्दीनचाचा बाहेर गाडीत थांबले, आत यायचं धाडस नाही म्हणाले.

पाच महिने मी घाबरून घेतलं होतं, तिनं सांगितलं होतं तसं. काही उपयोग झाला नाही. सकाळी बुटाची नाडी बांधता येईना. नोव्हेंबरपासून मी पुन्हा पाय धरायला लागलेय, शिरीनच्या पद्धतीनं, आणि बोटं आता उघडत नाहीत. पण ते बाकीच्यांचे पाय होते.

मॅडमनी सांगितलं, निम्म्या वेगानं, आणि दोघींपैकी कुणीही थांब म्हटलं की थांब. शिरीननं पट्टा घट्ट केला, पुढं आली, आणि आपला चांगला पाय स्वतःहून उचलून माझ्या हातात दिला. सगळं वजन दुखावलेल्या पायावर टाकून उभी राहिली. पट्ट्याच्या वर कापल्याची खूण दिसत होती, गुलाबी, बोटभर. माझं तोंड तिच्या पोटाशी होतं आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता, वरवर, भराभर.

मी उभीच राहिले. ढकलायचं होतं. मला माहीत होतं काय करायचं, वर्षभर दुसरं काही केलं नव्हतं. पण अंग पुढं जाईना. खुर्चीत फहमिदाचाचींच्या बांगड्या वाजल्या.

शिरीन माझ्या कानाशी हळू म्हणाली, "ढकल की. तू ढकललं न्हाईस तर मी उडी कशी मारू? हितंच उभी राहिले तरच मोडंल."

मी ढकललं. तिनं उडी मारली. टाच वर गेलेली मी डोळ्यांनी बघितली, आणि टाच वर असतानाच पाय लावला. आम्ही दोघी खाली गेलो. पडताना माझा हात तिच्या गुडघ्याखाली गेला, ते डावात नाही, मॅडम मागाहून त्यावर रागावल्यासुद्धा. मी तिच्या अंगावर पडले होते आणि उठायची हिंमत होत नव्हती. ती डोळे मिटून पडली होती. मामा, तेवढ्या वेळात मी मनात सगळं परत जगले, तो आवाज, तो बूट, तुमचं पत्र, सगळं.

मग तिनं पाय वाकवला. सरळ केला. पुन्हा वाकवला. डोळे उघडून छताकडं बघत म्हणाली, "परत."

आम्ही अकरा वेळा केलं. अकराही वेळा मला भीती वाटली, पहिल्यांदा वाटली तेवढीच. कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही. पाचव्या वेळी तिनंच 'थांब' म्हटलं, काही झालं नव्हतं, ती म्हणाली नुसतं बघितलं. मी थांबले होते.

अकराव्यानंतर मी बाजूला होऊन घाम पुसायला टॉवेल घेतला. मला वाटलं झालं. शिरीन मॅटच्या मधे तशीच उभी होती, वाकलेली, दोन्ही हात पुढं करून. तिनं माझा पाय मागितला.

मी टॉवेल ठेवला आणि दिला.

तुमची
वृषाली